झीज की मोडतोड? : जॉयस्टिक सैल होण्यामागचे विज्ञान



स्मरणिकेत गौरवाचे लेख असतात, आठवणी असतात, निकालांचे तक्ते असतात. त्यांच्या पंक्तीला खेळण्याच्या एका दांडीवरचा पाठ बसवण्याचे धाडस आम्ही विज्ञान शिक्षक करीत आहोत, त्याला कारण आहे. ही दांडी आमच्या वसतिगृहात सैल झाली, तिच्यावरून एका मुलाला शिक्षा झाली आणि ती शिक्षा चुकीची होती, हे आम्हांस नंतर विज्ञानाच्याच आधारे कळले. जे शिकवतो तेच वेळेवर वापरले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मुलांच्या वसतिगृहाला टीव्हीवर खेळण्याचा संच भेट दिला. संच जुना होता, परंतु त्याचे दोन्ही नियंत्रक त्याने नवे घेतले होते. नियंत्रक म्हणजे हातात धरून खेळण्याची ती वस्तू, जिला मुले सरसकट ‘रिमोट’ म्हणतात. शनिवारी दोन तास आणि रविवारी चार तास खेळ, पाळीपाळीने, असा नियम ठरला. बहुतेक खेळ एकट्याने खेळण्याचे असल्यामुळे पहिला रिमोट सतत हातात असे. दुसरा क्वचितच निघे.

तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात तक्रार आली. पहिल्या रिमोटची डावी दांडी ढिली झाली होती. तिला हात न लावताही पडद्यावरचे पात्र डावीकडे चालू लागे. त्या क्षणी रिमोट ज्याच्या हातात होता, तो सातवीतला मुलगा त्याच जूनमध्ये भामरागड तालुक्यातून आमच्याकडे आलेला. ‘सर, मी काहीच नाही केलो. ते आपोआपच जाते,’ एवढेच तो म्हणाला. आम्ही ते ऐकून घेतले, मानले मात्र नाही. महिनाभर त्याची पाळी बंद झाली. मुलांनी त्याला ‘मोड्या’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव महिना संपल्यावरही टिकले.

उन्हाळी सुटीच्या तोंडावर आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन्ही रिमोट उघडले. उद्देश दुरुस्तीचा होता. हाती आले ते मात्र आमच्याच निर्णयाचे उत्तर.

दांडीच्या पोटात काय असते

वरून पाहता दांडी ही अंगठ्याएवढी रबरी टोपी असते. तिच्याखाली नखाएवढ्या रुंदीच्या पेटीत बरेच काही दाटीवाटीने बसवलेले असते. दांडीचे खालचे टोक दोन छोट्या प्लास्टिकच्या कमानींतून जाते. या कमानी एकमेकींना काटकोनात असतात. दांडी डावी-उजवीकडे हलवली की एक कमान फिरते, पुढे-मागे हलवली की दुसरी, आणि तिरकी हलवली की दोन्ही. तळाशी एक स्प्रिंग असते. अंगठा उचलला की दांडीला मधोमध परत आणणे हे तिचे काम.

प्रत्येक कमानीच्या टोकाला एक पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो. नाव मोठे असले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. जुन्या रेडिओचा आवाज लहान-मोठा करण्याचे बटण म्हणजे हाच भाग. त्यात कार्बनचा पातळ लेप दिलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी असते आणि तिच्यावर धातूचा एक बारीक स्पर्शक घासत फिरतो. पट्टीच्या दोन टोकांना विद्युतदाब दिलेला असतो. स्पर्शक पट्टीवर जेथे उभा असेल, त्या प्रमाणात त्याला दाब मिळतो. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला पूर्ण आणि मधोमध निम्मा. या दाबाचे यंत्रात अंकात रूपांतर होते. प्रचलित पद्धतीत ० ते २५५ असे अंक घेतले, तर दांडी स्वस्थ असताना १२७ किंवा १२८ हा अंक यावयास हवा. यंत्राला आपला अंगठा दिसत नाही. त्याला फक्त हा अंक दिसतो.

रेडिओचे बटण जुने झाले की फिरवताना खरखर येते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ती खरखर म्हणजे झिजलेल्या कार्बनच्या पट्टीवरून स्पर्शक अडखळत जाण्याचा आवाज होय. खेळाच्या दांडीतही हीच खरखर होते. फरक इतकाच की ती कानाला ऐकू येत नाही, पडद्यावर दिसते.

झीज कोठे कोठे होते

आमच्या रिमोटमध्ये झीज तीन ठिकाणी आढळली. तिन्हींची लक्षणे वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी सांगतो.

पहिली झीज कमानींची. प्लास्टिक प्लास्टिकवर घासते तेथे दोन्ही बाजूंचे कण सुटतात. नव्या रिमोटमध्ये दांडी कमानीच्या खाचेत घट्ट बसलेली असते. केसाएवढे अंतर पडले की दांडी थोडी हलते, तरी कमान हलत नाही. यालाच कारागीर ‘प्ले’ म्हणतात. बैलगाडीचे चाक आसावर डगमगू लागते, जात्याचा खुंटा ढिला होतो, दाराची बिजागरी खडखडते, तोच हा दोष. हाताला जाणवणारा सैलपणा मुख्यतः येथून येतो.

दुसरी झीज स्प्रिंगची. तिला झीज म्हणण्याऐवजी थकवा म्हणणे अधिक योग्य. स्प्रिंग लाखो वेळा दाबली आणि सोडली गेली की तिचा जोर हळूहळू उतरतो. जोर उतरलेली स्प्रिंग दांडीला मधोमध आणते, पण नेमक्या जागी आणत नाही. कमानीत आधीच प्ले असेल, तर दांडी प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या ठिकाणी थांबते.

तिसरी झीज कार्बनच्या पट्टीची, आणि ती सर्वांत फसवी आहे. ती हाताला जाणवत नाही. पात्र आपोआप चालू लागते, ते बहुधा हिच्यामुळे. एक सोपे गणित करून पाहू.

समजा पट्टीचा एकूण रोध १० किलोओहम आहे. मधोमध उभ्या असलेल्या स्पर्शकाच्या डावीकडे ५ आणि उजवीकडे ५. विद्युतदाब ३ व्होल्ट धरला, तर स्पर्शकाला १.५ व्होल्ट मिळतात आणि अंक १२७च्या जवळ येतो. आता आमच्या मुलांचा आवडता खेळ उजवीकडे धावत जाण्याचा होता. अर्थात स्पर्शक पट्टीच्या उजव्या अर्ध्या भागावर अधिक घासला. तेथील लेप पातळ झाला. तार जितकी बारीक तितका तिचा रोध अधिक, हे आठवी-नववीत आपण शिकलो आहोत. लेपाचेही तसेच. उजव्या अर्ध्याचा रोध ५ वरून ६ किलोओहम झाला असे धरू. एकूण रोध ११ झाला. डावीकडचे टोक शून्य दाबाचे असल्याने स्पर्शकाला आता ३ व्होल्टांचे अकरा भाग करून त्यांपैकी पाच भाग मिळतात, म्हणजे सुमारे १.३६ व्होल्ट. अंक येतो ११६ च्या आसपास. दांडी मधोमध आहे, अंगठा उचललेला आहे, तरीही यंत्राला वाटते की कोणीतरी दांडी किंचित डावीकडे धरली आहे.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. मुले वर्षानुवर्षे उजवीकडे धावली, म्हणून पात्र आपोआप डावीकडे गेले. कारण एका बाजूला आणि परिणाम दुसऱ्या बाजूला! प्रत्यक्षात स्प्रिंगचा थकवा आणि आत साचलेली धूळ यांचाही वाटा असतो, त्यामुळे प्रत्येक रिमोटमध्ये दिशा याच नियमाने ठरेल असे नाही. परंतु जो दोष पाहतो तो ज्या दिशेला दिसतो त्याच दिशेला घडला असे धरून चालू नये, एवढे या गणितावरून निश्चित शिकता येते.

मग पहिली दोन वर्षे हा दोष दिसला का नाही? पट्टी तर पहिल्या दिवसापासूनच झिजत होती. याचे उत्तर असे की खेळ तयार करणारे मधल्या अंकाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवतात. समजा मध्यापासून १० अंकांपर्यंतचा फरक हिशेबात धरायचा नाही, असे ठरवलेले असते. तोवर झीज झाकलेली राहते. फरक ११ झाला की एका रविवारी दुपारी पात्र अचानक चालू लागते. झीज वर्षानुवर्षांची असते, ती दिसते मात्र एका क्षणात. आणि त्या क्षणी रिमोट कोणाच्या तरी हातात असतोच.

दुसरा, फारसा न वापरलेला रिमोटही आम्ही उघडला होता. त्याच दिवशी आलेला, त्याच बनावटीचा. त्याच्या पट्टीवर स्पर्शकाची रेघ पुसटशी होती, कमानी घट्ट होत्या, स्प्रिंग ताठ होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर सांगण्यासारखे काही उरले नाही.

जुन्या खेळांची कहाणी

हा दोष आमच्या वसतिगृहापुरता नाही, आजचाही नाही. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या संचाला काळी उभी दांडी असे. तिच्यात कार्बनची पट्टी नव्हती. चार दिशांना चार स्विच होते आणि दांडी कलली की त्यांपैकी एखादा दाबला जाई. पट्टी झिजण्याचा प्रश्न नव्हता, पण जोर लावून खेळणाऱ्यांच्या हाती आतले प्लास्टिक तुटत असे.

आमचे जे माजी विद्यार्थी १९९०च्या दशकात शाळेत होते, त्यांना ‘कॅसेट’ घालून खेळण्याचे संच आठवत असतील. जत्रेत आणि शहरातील दुकानांत मिळणारे ते संच बहुतेक निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या रिमोटवर दांडीच नव्हती, अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण होते. त्याखाली रबराचे छोटे घुमट असत आणि त्यांच्या आतल्या बाजूला कार्बनची काळी टिकली. बटण दाबले की टिकली खालच्या तारांना जोडून देई. रबर फाटले किंवा टिकली झिजली की बटण कितीही दाबले तरी पात्र उडी मारीत नसे. तेव्हाही मुले बटणावर अधिक जोर देत, आणि रबर अधिक लवकर फाटे.

१९९६ साली निन्टेन्डो ६४ हा संच आला. त्याच्या रिमोटवरील दांडी किती कलली हेही यंत्राला कळे. तिच्यात कार्बनची पट्टी नव्हती. फटी पाडलेल्या दोन चकत्या फिरत आणि त्या फटींतून जाणारा प्रकाश मोजला जाई. मोजण्याची ही पद्धत न झिजणारी होती. तरीही ती दांडी सैल होण्याबद्दल जगभर प्रसिद्ध झाली. कारण तिचे खालचे टोक प्लास्टिकच्या एका वाटीत टेकलेले असे. खेळता खेळता टोक आणि वाटी एकमेकांना दळत. जुना रिमोट उघडला की आत पांढरी भुकटी सापडते. ती बाहेरून आलेली धूळ नव्हे, ते दांडीचेच पीठ होय. याच संचावरील ‘मारिओ पार्टी’ या खेळात काही ठिकाणी दांडी गरगर फिरवावी लागे. मुले तळहाताने ती फिरवीत, आणि तळहाताला फोड येत. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांकडे हे प्रकरण गेल्यावर २००० साली कंपनीने खेळाडूंना हातमोजे देण्याचे मान्य केले. दांडी आणि हात दोघेही एकाच वेळी झिजत होते.

१९९७ साली सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशनसाठी दोन दांड्यांचा रिमोट आणला, आणि पोटेन्शिओमीटरची रचना सर्वत्र रुळली. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या छोट्या रिमोटमध्ये पात्र आपोआप सरकण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले, आणि जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जगातील नामांकित अभियंत्यांनी बनवलेली दांडी सैल होते, तेथे सातवीतल्या मुलाच्या हातात ती सैल झाली यात नवल ते काय?

आपल्या भागातील धूळ आणि ओल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या झिजेला आणखी दोन साथीदार मिळतात.

पहिला साथीदार धूळ. चंद्रपूर परिसरात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्राची राख आहे, घुग्घुस-राजुरा पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूरचे नाव होते. उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेली जागा संध्याकाळी पुन्हा करडी दिसते, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मातीत आणि राखेत क्वार्ट्झचे कण असतात. मोहसच्या कठिणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे, तर साध्या पोलादी चाकूचे पाते साडेपाचच्या आसपास. प्लास्टिकची गोष्टच सोडा. दांडीभोवतीच्या फटीतून असा कण आत गेला की तो दोन कमानींच्या मध्ये पॉलिश कागदाचे काम करतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या धानाच्या पट्ट्यात भातगिरणीची धूळही असते. धानाच्या तुसातही सिलिका भरपूर असते.

दुसरा साथीदार ओल. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पावसाळा दीर्घ आणि दाट. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि घरात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. अशा हवेत स्प्रिंगला गंज धरतो, स्पर्शकावर मळ बसतो आणि अंगठ्याचा घाम सुकत नाही. आमच्या कोठीत पावसाळाभर पडून राहिलेल्या वस्तूंची दशा आम्ही पाहिली आहे. न वापरता ठेवलेली वस्तू झिजत नाही हे अर्धेच सत्य आहे. ती गंजते.

एका पालकांनी दिलेला धडा

या शोधाबद्दल आम्ही पालक-सभेत बोललो, तेव्हा मागच्या रांगेतील एक पालक उठले. ते खुल्या खाणीत एक्स्कॅव्हेटर चालवतात. दोन्ही हातांत दोन जॉयस्टिक धरून दिवसभर काम करणे हाच त्यांचा व्यवसाय. ते म्हणाले, ‘गुरुजी, मशीनमध्ये प्ले आला का आम्ही पहिले पिन-बुश पाहतो. ऑपरेटरले मंग विचारतो.’

सभेत हशा पिकला, पण आम्हांला ते वाक्य लागले. त्यांनी पुढे समजावून सांगितले की अशा प्रत्येक यंत्राला अवर मीटर असतो. यंत्र किती तास चालले ते तो दाखवतो. तेल बदलणे, पट्टे बदलणे, पिन-बुश तपासणे हे सर्व तासांवर ठरते. शेवटच्या पाळीत कोण बसला होता, यावर नव्हे. ज्या यंत्रावर तीन पाळ्यांत अनेक माणसे बसतात, तेथे दुसरा कोणताही हिशेब न्यायाचा होत नाही.

आमच्या रिमोटवरही अनेक माणसे बसत होती. म्हणून आम्ही उशिरा का होईना, अवर मीटर मांडून पाहिला.

दांडीच्या अशा भागांपैकी एका प्रचलित भागाचे आयुष्य उत्पादकांनी सुमारे २० लाख फेऱ्या असे दिलेले आहे. दोन विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून मोजले, तेव्हा धावण्याच्या खेळात एका मिनिटाला सुमारे ६० वेळा दांडी हलते असे आढळले. म्हणजे तासाला ३,६०० वेळा. वीस लाखांना ३,६००ने भागले की सुमारे ५५५ तास येतात. आमच्याकडे आठवड्याला ६ तास खेळ, वर्षाला साधारण ३६ आठवडे, म्हणजे वर्षाला २१६ तास. दोन पूर्ण वर्षांचे ४३२, आणि तिसऱ्या वर्षी डिसेंबरपर्यंतच्या वीस आठवड्यांचे १२०. बेरीज ५५२.

गणित ढोबळ आहे आणि आकडा इतका जुळणे हा थोडा योगायोगही आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले. पण पुढचा भाग योगायोगाचा नाही. वसतिगृहात ४८ मुले. आठवड्याचे ३६० मिनिटे त्यांच्यात वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. जूनमध्ये आलेल्या त्या मुलाने वीस आठवड्यांत एकंदर १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास रिमोट हातात घेतला होता. ५५२ पैकी अडीच. झिजेचे दोनशे भाग केले, तर त्यातला एक भागही पुरता त्याचा नव्हता. उरलेली झीज इतर सर्वांची होती, ज्यांनी त्याला ‘मोड्या’ म्हटले त्यांची, शाळा सोडून गेलेल्यांची, आणि रविवारी रात्री मुले झोपल्यावर दोन डाव खेळलेल्या आम्हा शिक्षकांचीही.

घरी काय करावे, काय करू नये

दोष कोणता हे आधी ओळखावे. दांडी हाताला ढिली लागते पण पात्र नीट चालते, तर कमानी झिजल्या आहेत. दांडी घट्ट आहे पण पात्र आपोआप सरकते, तर पट्टी झिजली आहे किंवा तीवर मळ आहे. दांडी सोडल्यावर कलूनच राहते, तर स्प्रिंग थकली आहे किंवा गंजली आहे. मल्टिमीटर हाताळता येणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्रापासून रिमोट अलग करून पट्टीचा रोध मोजावा. दांडी हळू फिरवताना आकडा सरळ चढत-उतरत असेल तर पट्टी ठीक, मध्येच उडी मारीत असेल तर नाही.

मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर थोडासा घालून दांडी फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. खोबरेल तेल कदापि घालू नये. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेलाचा थेंब देण्याची सवय आहे. येथे तेल धुळीला धरून ठेवते, आणि दोन महिन्यांत आत काळा लगदा होतो. झिजलेली पट्टी स्वच्छतेने भरून येत नाही, हेही लक्षात असावे. ती पुन्हा बिघडली तर दांडीचा संपूर्ण भाग बदलावा. डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम येणारा कोणताही मोबाईल-दुरुस्ती कारागीर ते करू शकतो.

नवा भाग घेताना ‘हॉल इफेक्ट’चा मिळाल्यास तो पाहावा. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाने चुंबकाचा विद्युतप्रवाहावर होणारा हा परिणाम शोधला. अशा दांडीत पट्टी आणि स्पर्शक नसतात. दांडीला चुंबक असतो आणि तो स्पर्श न करता दुरूनच मोजला जातो. सेगा कंपनीने १९९६ सालीच आपल्या एका रिमोटमध्ये ही रचना वापरली होती. यात घासणारा मोजमापी भाग नाही, म्हणून ती झीज नाही. कमानी आणि स्प्रिंग मात्र तेथेही आहेतच. त्या आपल्या गतीने झिजणार.

वापर संपल्यावर रिमोट कापडी पिशवीत ठेवावा, पावसाळ्यात कोरड्या बंद डब्यात ठेवावा, हात धुऊन आणि पुसून खेळावे. आणि दांडी ऐकत नाही म्हणून जोर देऊ नये. खेळात हरताना मुले दांडी जोराने दाबतात, जणू अधिक दाबले की पात्र अधिक पळेल. दांडी शेवटपर्यंत कलली की अंक २५५ होतो. त्यापुढचा सगळा जोर केवळ प्लास्टिकवर जातो.

शेवटी

जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा पहिल्याच सोमवारी परिपाठाच्या वेळी आम्ही दोन्ही उघडे रिमोट टेबलावर मांडले, फळ्यावर ५५२ आणि अडीच हे दोन आकडे लिहिले, आणि सर्व मुलांसमोर त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. आठवड्याभराने मात्र तो प्रयोगशाळेत आला आणि विचारू लागला, ‘सर, दुसरा रिमोट कधी उघडणार?’ नवा भाग बसवताना स्क्रू त्यानेच धरले. ‘मोड्या’ हे नाव हळूहळू विरले. पूर्ण विरले असे म्हणवत नाही, कारण मुलांना नावे फार दिवस लक्षात राहतात. म्हणूनच ती लावण्याआधी मोठ्यांनी शंभरदा विचार करावा.

तेव्हापासून वसतिगृहात एक वापरवही आहे. रिमोट, कॅरमचे स्ट्रायकर, हातपंपाचा दांडा, शिलाई यंत्र, संगणकाचा माऊस, या प्रत्येकाचे एक पान. तास लिहिले जातात, नावे लिहिली जात नाहीत. ठरावीक तास झाले की वस्तू उघडून तपासली जाते. वही मुलेच सांभाळतात.

सामायिक वस्तू सर्वांच्या हातांनी झिजते आणि एकाच्या हातात मोडते. संस्थेत, गावात, घरातही आपण पुष्कळदा शेवटचा हात पकडतो आणि आधीचे सारे हात विसरतो. सर्वांत नवा, सर्वांत लांबून आलेला, सर्वांत कमी बोलणारा मूल बहुधा त्या शेवटच्या जागी सापडतो. खरोखर मोडतोड झाली असेल तर ती मोडतोड म्हणावीच, परंतु वस्तू उघडून पाहिल्यानंतर.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हातून या शाळेतील एखादी वस्तू ‘मोडली’ होती आणि ज्यांनी त्यासाठी छडी खाल्ली होती, त्यांनी या वर्षीच्या मेळाव्यास अवश्य यावे. वापरवहीच्या पहिल्या पानावर त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे. वस्तूचे नाव आणि ती किती वर्षे चालली होती, एवढे त्यांनी तेथे लिहावे. उरलेला हिशेब आम्ही मांडू.